सगळ्यांचा एकच पासवर्ड

समोरचं माणूस पासवर्ड टाकायला लागलं की प्रज्ञामावशी उठते आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहते. नुसती मान वळवत नाही. पूर्ण पाठ करते, हात मागे बांधते आणि "झालं" असं ऐकू येईपर्यंत हलत नाही. संगमनेरच्या बस स्टँडजवळच्या तिच्या कॉम्प्युटर क्लासात नवी आलेली मुलं हसतात. शाळेत शिक्षा झाल्यासारख्या दिसता, असं एक मुलगी तिला म्हणाली होती. मावशी म्हणाली, "शिक्षाच आहे."

मी तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेचं शिक्षण घेतलं आणि त्याच कामात आहे. आमच्या पुस्तकांत या विषयातल्या प्रत्येक धोक्याला एकेक भारदस्त नाव आहे. पण ते सगळे धोके मला समजले ते मावशीच्या या एका गोष्टीवरून. ती तिनं मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली आणि लिहायची परवानगी दिली ती एका अटीवर. म्हणाली, मला बरी दाखवू नकोस.

मावशीचं लहानपण प्रवरेकाठच्या आमच्या गावी गेलं. आमच्या वस्तीवरच्या चांगुणाबाईचा मुलगा मिलिटरीत होता. त्याचं अंतर्देशीय पत्र आलं की पोस्टमन ते सरळ प्रज्ञाच्या हातात द्यायचा, कारण वाचणार तीच. चांगुणाबाईच्या ओट्यावर सगळी जमायची आणि मावशी मोठ्यानं वाचायची. बायकोसाठी लिहिलेल्या ओळीसुद्धा सगळ्यांपुढे वाचल्या जायच्या आणि सून पदरात तोंड लपवून हसायची. पत्र घराचं असायचं. ज्याच्या नावावर आलं त्याचं एकट्याचं, असं कुणाच्या मनातही यायचं नाही. उत्तर लिहायचं कामही मावशीकडेच. चांगुणाबाई सांगायची, सून मध्येच एखादं वाक्य घालायची, सासरा शेळीचं काहीतरी घुसवायचा आणि खाली मावशी चांगुणाबाईचं नाव लिहून टाकायची. दुसऱ्याच्या नावानं लिहिणं हे तिच्या लेखी मदतीचं काम होतं. त्याबद्दल तिचं कौतुक व्हायचं.

कॉलेज झाल्यावर ती संगमनेरला चेतनच्या संगणक केंद्रात लागली. चेतन तिच्याहून थोडा मोठा, बोलका, कॉम्प्युटरची मासिकं पुण्याहून मागवून वाचणारा. केंद्रात चार कॉम्प्युटर होते आणि त्यातल्या एकाला फोनच्या तारेवरून इंटरनेट. फोन लागताना मोडेम किरकिरायचा आणि ते ऐकायला रस्त्यावरची माणसं दारात थांबायची.

ई-मेल म्हणजे काय हे लोकांना समजावताना मावशी सांगायची की पोस्टात असते तशी ही तुमची एक पेटी, तिला कुलूप आहे आणि त्या कुलपाची किल्ली म्हणजे पासवर्ड. लोक मान डोलवायचे, पेटी काढून घ्यायचे आणि पुढच्या आठवड्यात येऊन सांगायचे की किल्ली विसरलो. मग तिनं एक सोय काढली. जो येईल त्याला एकच पासवर्ड द्यायचा. प्रवरा. इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान. आपली नदी कोण विसरणार? आमच्याकडे माणूस रानात जाताना घराची किल्ली चौकटीवर ठेवून जातो. शेजाऱ्यांना ते ठाऊक असतं आणि तरी कुणाचं काही जात नाही. तसंच हे, असं तिला वाटलं. चेतनला तर ही युक्ती फारच आवडली.

१९९९च्या एप्रिलअखेर एका व्हायरसनं केंद्रातले दोन कॉम्प्युटर बंद पाडले. तेव्हापासून चेतनच्या तोंडी व्हायरस आणि हॅकर याशिवाय विषय नव्हता. फ्लॉपी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाकडे तो पाकीटमाराकडे बघावं तसा बघायचा. धोका बाहेरून येतो, तारेतून नाहीतर फ्लॉपीतून, हे सगळ्यांना पटलं होतं. तो दारात चपला काढून, ओळखीचं हसून आत येईल असं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

राजनंदिनी आमच्याच गावची, रंगनाथअप्पांची धाकटी मुलगी. अप्पांचा ऊस आणि डाळिंबं. माझे आजोबा रंभाजी वर्षानुवर्षं त्यांच्या मळ्यात कामाला. अप्पा वाईट माणूस नव्हते. आजोबा आजारी पडले तेव्हा स्वतःच्या जीपमधून त्यांना दवाखान्यात नेणारे अप्पाच. पण त्यांना नाही म्हणायची सवय आमच्या घरात कुणालाच नव्हती.

राजी बी.एस्सी. झाली होती. बंगळूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची परीक्षा आणि मुलाखत तिनं पुण्याला जाऊन दिली होती. तिची वर्गातली मैत्रीण दीपाही बरोबर होती. निवड झाली तर बंगळूरला जाऊन शिकायचं आणि मग तिथंच नोकरी. निकाल ई-मेलवर येणार होता. दीपाला प्रतीक्षा यादीत पहिली असल्याचं कळलं, पण राजीचं काहीच येईना. ती रोज येऊन पेटी उघडायची आणि रिकामी बघून मावशीला म्हणायची, "ताई, तुझी नदी आटली बघ." मग ती टायफॉईडनं अंथरुणाला खिळली.

एका दुपारी रंगनाथअप्पा केंद्रात आले. टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. पोरगी तापानं पडलीय, तिचं काही आलंय का बघ, म्हणाले. मावशीनं क्षणभरही विचार केला नाही. राजीची पेटी उघडली. पत्र आलं होतं. तिला इतका आनंद झाला की ओट्यावर वाचायची तसं ते तिनं मोठ्यानं, मराठीत करून वाचलं. राजीची निवड झालेली आहे, येणार असल्याचं ताबडतोब कळवावं.

अप्पांनी मांडीवरची टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, "लिही. घरच्या अडचणीमुळं येता येत न्हाई."

मावशीचे हात थांबले. राजीला विचारलंत का, असं तिनं विचारलं.

"तिला काय इचारायचं? उठून बसंना झालीय ती. बाप हाय मी तिचा, परका हाय व्हय?"

मावशीनं लिहिलं. चांगल्या इंग्रजीत, नम्रपणे, कंपनीचे आभार मानून. आणि खाली सवयीनं राजनंदिनीचं नाव घातलं. पाठवायचं बटण दाबलं. जाताना अप्पा म्हणाले की घरी बोलू नको, पोर तापात मनाला लावून घेईल. त्यांच्या आवाजात काळजी होती, असं मावशी अजूनही सांगते. ती हो म्हणाली.

आमच्या पुस्तकांत याला सोशल इंजिनिअरिंग म्हणतात. यंत्र फोडायचं नाही, यंत्राजवळच्या माणसाच्या भिडेचा उपयोग करायचा. मी हे तिला एकदा समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाव मोठं आहे. पण टाईप मीच केलं."

राजी बरी होऊन केंद्रात आली तेव्हा तिच्या पेटीत कंपनीचं उत्तर होतं. आपण कळवल्याबद्दल आभार, आपली जागा पुढच्या उमेदवाराला देत आहोत. खाली तिच्याच नावानं गेलेला नकार जोडलेला. राजीनं तो दोनदा वाचला आणि चेतनला हाक मारली.

चेतन धावत आला. त्याला वाईट वाटलं, पण त्याच्या डोळ्यांत थोडी चमकही आली. हे हॅकिंग आहे, म्हणाला. मग ट्रोजन नावाचा प्रकार असतो, वरून साधा प्रोग्राम दिसतो आणि पोटात शत्रू घेऊन येतो, तो आपल्या किल्ल्या चोरून बाहेर पाठवतो, हे त्यानं जमलेल्या सगळ्यांना समजावलं. त्यानं सांगितलं ते सगळं खरं होतं. फक्त इथं ते घडलेलं नव्हतं. त्यानं व्हायरस शोधायची फ्लॉपी लावली. कॉम्प्युटर बराच वेळ घरघरला आणि काही सापडलं नाही, असं पडद्यावर आलं. म्हणजे व्हायरस अगदीच नवा असणार, असा चेतननं निष्कर्ष काढला.

मावशी राजीच्या खुर्चीमागे उभी होती. राजीनं वळून विचारलं, "ताई, माझा पासवर्ड तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही," मावशी म्हणाली.

ती म्हणते, टाईप केलं ती भीड होती, हे मात्र खोटं होतं. आणि हे बोलताना तिला पहिल्यांदा दिसलं की ते किती मोठं खोटं आहे. तो पासवर्ड केंद्रात पेटी काढलेल्या प्रत्येकाला माहीत होता. फक्त शेजाऱ्याचाही तोच आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

ते राजीच्या लवकरच लक्षात आलं. व्हायरसवर तिचा विश्वास बसेना. व्हायरसला माझ्या घरच्या अडचणी कशाला सुचतील, ती म्हणाली. मग तिनं दुसऱ्या दिवशी केंद्रात सगळ्यांसमोर दीपाच्या पेटीचं नाव टाकलं आणि पासवर्ड आपला टाकला. पेटी उघडली. माझी किल्ली हिच्या पेटीला लागते, ती म्हणाली, म्हणजे हिची माझ्या पेटीला लागते. माझा नकार गेला तर जागा कुणाला मिळणार? यादीत पुढं कोण आहे?

दीपा तिथंच शेजारच्या कॉम्प्युटरवर होती. उठली. आवाज न चढवता म्हणाली, "मी तुझी पेटी उघडली नाही. माझी मात्र तू आत्ता सगळ्यांसमोर उघडलीस." आणि निघून गेली. संध्याकाळपर्यंत कॉलेजच्या ओळखीपाळखीत दीपा चोर ठरली होती. नंतर कळलं की ती मामाकडे राजूरला गेली, आणि कॉम्प्युटरचं नाव काढू देत नाही.

मावशी म्हणते, त्या खोलीत मी होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी टेबल पुसत राहिले.

 पुढचे काही दिवस गावाहून येताना एस.टी.त राजी शेजारी बसायची, दीपाबद्दल वाट्टेल ते बोलायची आणि मावशी खिडकीबाहेर बघायची. शेवटी संगमनेरच्या स्टँडवर, पाणपोईपाशी, राजी बाटली भरत असताना मावशी म्हणाली, "ते पत्र मी लिहिलं. अप्पा आले होते. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं."

राजीनं बाटलीचं झाकण लावलं. "अप्पांनी सांगितलं असेल," ती म्हणाली. "ते अप्पांचंच बोलणं आहे, मला तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण खाली माझं नाव कुणी घातलं?"

"मी."

"आणि मी दीपाला काय काय बोलले."

यानंतर राजीनं तिच्याशी रागाचा एक शब्दही काढला नाही. ते सोसणं अवघड होतं, मावशी म्हणते.

दोघींनी मिळून कंपनीला नवं पत्र पाठवलं की आधीचं पत्र राजनंदिनीचं नव्हतं. कंपनीचं उत्तर आलं ते मला अजून आमच्या धंद्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य वाटतं. पहिलं पत्र तुमचं नव्हतं म्हणता, मग हे तुमचं कशावरून? दोन्ही एकाच पेटीतून आली आहेत. तेव्हा कागदपत्रं घेऊन पुण्याच्या कचेरीत स्वतः या, आणि पहिलं पत्र ज्यानं लिहिलं त्यालाही घेऊन या.

राजीला पुण्याला न्यायचं म्हणजे अप्पांना सांगणं आलं. मावशी त्यांच्या घरी गेली. अप्पा अंगणात बाजेवर बसले होते, राजीची आई बनुबाई धान्य निवडत होती. मावशीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"तुला बोलू नको म्हनलं हुतं," अप्पा म्हणाले.

"अप्पा, तुमचं पत्र मी कधीही लिहून देईन. मुलीला पाठवत नाही असं तुमच्या नावानं लिहायचं असेल तर आत्ता सांगा, उद्या पाठवते. राजीच्या नावानं आता लिहिणार नाही."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. रंभाजीची पोर त्यांच्या अंगणात असं बोलेल हे त्यांनाही नवीन होतं, आणि तिलाही.  बनुबाईनं सुपातून वर न बघता विचारलं, "घाला की तुमचं नाव. का, लाज वाटती?"

अप्पांनी नाव घातलं नाही. जा असंही म्हणाले नाहीत. पायात वहाणा सरकवल्या आणि मळ्याकडे चालायला लागले. बनुबाई म्हणाली, "हं. आता जावा तुमी पुण्याला."

पुण्याच्या कचेरीतल्या बाईंनी राजीचा चेहरा परीक्षेच्या फोटोशी ताडून बघितला, तिची सही करून घेतली आणि मग मावशीला विचारलं की तुम्ही कोण. मावशीनं सांगितलं. बाईंनी काही उपदेश केला नाही. केंद्रात सगळ्यांना हाच पासवर्ड आहे का, एवढंच विचारलं आणि हो म्हटल्यावर डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या की राजनंदिनीचं खरं मानायला हरकत नाही, पण ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला देऊ केली आहे. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. शनिवारपर्यंत आलं नाही तर जागा राजनंदिनीची.

पुढची मुलगी कोण हे दोघींनाही माहीत होतं.

 परतीची एस.टी. चंदनापुरीच्या घाटात शिरली तेव्हा राजी हळूच म्हणाली, "दीपा पेटी उघडणारच नाही. शनिवार असाच निघून जाईल."

यात खोटं काही नव्हतं. कुणाच्या नावानं काही लिहायचं नव्हतं, कुणाची पेटी उघडायची नव्हती. फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मावशीला चांगलं जमत होतं, हे नुकतंच सिद्ध झालं होतं. राजीची जागा तिच्या हातून गेली होती, ती आपोआप परत येणार होती.

स्टँडवर उतरल्यावर ती म्हणाली, "मी उद्या राजूरला जातेय."

राजी तिच्याकडे बघत राहिली. "माझं एकदा घालवलंस. आता दुसऱ्यांदा घालवतेस."

"हो," मावशी म्हणाली.

आधी ती दीपाच्या घरी गेली, मामाचा पत्ता घ्यायला. सगळं ऐकल्यावर दीपाची आई कडूबाई म्हणाली की एवढं लांब कशाला जातेस, तुला पासवर्ड येतोच की, तूच उघड आणि लेक येते म्हणून कळवून टाक, आई सांगतेय ना. कडूबाई भल्यासाठीच सांगत होती. मावशी म्हणाली की नाही, दीपाच उघडेल.

राजूरला त्या दिवशी बाजार होता. मामाचं भांड्यांचं दुकान शोधायला वेळ लागला. दीपा आत पातेली मांडत होती. मावशीनं गिऱ्हाइकांसमोरच सगळं सांगितलं. पासवर्ड, अप्पा, पत्र, आपण गप्प राहिलो ते, आणि पुण्याचं. दीपानं हातातलं पातेलं खाली ठेवलं नाही.

"राजीला माहीत आहे तू इथं आलीस ते?"

"सांगून आलेय."

"काय म्हणाली?"

मावशीनं तेही सांगितलं. दीपानं पातेलं पुसलं, जागेवर ठेवलं आणि चपला घातल्या.

केंद्रात पोचल्यावर मावशीनं कॉम्प्युटर लावून दिला. मोडेम किरकिरून थांबला. आधी पासवर्ड बदल, मग पत्र वाच, असं तिनं सांगितलं. नवा काय ठेवू, दीपानं विचारलं. तो मला सांगायचा नाही, मावशी म्हणाली, आणि उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ती पहिली वेळ. समोर चेतननं चिकटवलेला व्हायरसपासून सावध राहण्याचा कागद होता. मागे बटणं वाजत होती. किती कळा वाजल्या त्यावरून नदी नाही एवढं तिला कळलं. मग बटणं थांबली. मग बराच वेळ वाजत राहिली.

"झालं," दीपा म्हणाली.

काय आलं, काय लिहिलं, तिनं सांगितलं नाही. मावशीनं विचारलं नाही. दिवाळीआधी दीपा बंगळूरला गेली.

त्यानंतर मावशीनं एकेका माणसाला बोलावून पासवर्ड बदलून घेतले. चेतनच्या मते बसल्या जागी सगळ्यांचे आपणच बदलले असते तर काम दुपारी संपलं असतं. तिला कित्येक महिने लागले. काही जण पुन्हा विसरले आणि पेट्या कायमच्या गेल्या, आणि त्यांनी तिला नावं ठेवली.

राजीला पुढच्या वर्षी पुण्यात एका लहानशा कंपनीत काम मिळालं. तिला स्टँडवर सोडायला अप्पा स्वतः आले होते. आता तिचं बरं चाललं आहे. मावशीशी ती पूर्वीसारखीच बोलते, ताई म्हणते, गावी आली की क्लासात डोकावते.

एका दिवाळीला मी तिथं होतो. राजीला ई-मेल बघायचा होता. ती बसली, मावशी उठून भिंतीकडे वळली. राजीनं पासवर्ड टाकला. पेटी उघडली, मला दिसत होती. राजीनं पत्रं वाचली, एक-दोघांना उत्तरंही लिहिली. मग हात मांडीवर ठेवून मावशीच्या पाठीकडे बघत बसली.

"झालं" म्हणायला ती मुद्दाम उशीर करते, असं मला वाटतं. मावशीलाही ते ठाऊक असावं. ती उभी राहते.